वैभवी तर गेली ना गा

नवतपा लागला होता, मे अखेरचे नऊ जळते दिवस. नागपूरचा नवतपा ज्यानं अंगावर घेतला नाही, त्याला तो सांगून कळत नाही. सकाळी चहा होतो न होतो तोच ऊन दारात येऊन बसतं. दुपारी रस्ते असे ओस पडतात, की संचारबंदी लागली आहे असं वाटावं. कुत्री नाल्यांत, गाई पुलाखाली आणि माणसं बंद दारांमागे. ऐकू येते ती फक्त घराघरातल्या कूलरची घरघर. आणि येतो तो ओल्या खसचा, म्हणजे वाळ्याचा वास. भुताखेताच्या गोष्टी लोक रात्रीच्या सांगतात. मी जे सांगतो आहे ते भर दुपारचं आहे.

मी रामटेकला शेतीपंपाच्या मोटारी दुरुस्त करतो. त्या दिवशी सकाळी माझी धाकटी बहीण वैभवी हिचा नागपूरहून फोन आला.

"दादा, कूलरची मोटर जळली. येशील काय?"

एवढंच बोलली आणि तिनं फोन ठेवला. मी एक छोटी मोटर आणि खसच्या नव्या ताट्या गाडीच्या सीटला बांधल्या आणि ऊन चढायच्या आत निघालो.

वैभवीचं घर बेसा रोडच्या पलीकडे एका नव्या लेआउटमध्ये आहे. तिकडे अजून अर्धे प्लॉट रिकामेच आहेत. तिचा नवरा अमोल हिंगण्याला एका कारखान्यात लेथवर होता. कर्ज काढून त्यानं दोन खोल्या बांधल्या आणि सुटीच्या दिवशी स्वतः बसून फरशी घातली. गेल्या हिवाळ्यात दोघं उमरेडहून एका लग्नातून मोटरसायकलनं परत येत होती. मागून टँकरनं उडवलं. वैभवी बाजूच्या गवतात फेकली गेली आणि बेशुद्ध पडली. अमोल शुद्धीवर होता. पायाचा चेंदामेंदा झालेला असताना तो रस्त्यावरून सरपटत तिच्यापर्यंत गेला आणि तिला हलवत राहिला, असं बघणाऱ्यांनी आम्हाला सांगितलं. त्याच रात्री तो गेला. वैभवीला शुद्ध आली तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता. तिला त्याचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही.

मी तिला रामटेकला चल म्हणून किती म्हटलं. तिनं ऐकलं नाही. "त्यानं घातलेली फरशी हाय दादा," म्हणायची. "ती सोडून कशी येऊ?"

मी पोचलो तर दार आतून बंद. तिनं आधी खिडकीतून बघितलं, मग टेकवलेली खुर्ची, साखळी, कडी एकेक काढून दार उघडलं.  चेहरा ओढलेला, डोळे आत गेलेले. कूलर मात्र मजेत चालला होता.

"मोटर तर चालू हाय गं."

"हळू बोल." तिनं माझा हात धरून मला आतल्या खोलीत नेलं. "फोनवर खरं सांगतलं असतं तर त्याईनं ऐकलं असतं."

"कोणी?"

तिनं बाजूच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

बाजूच्या घरात मनोहरराव आणि इंदुताई राहायचे. मनोहरराव एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. अमोलवर दोघांचा फार जीव. अमोल कामावरून आला की मागच्या भिंतीशी उभा राहून काका-काकूंशी गप्पा मारायचा, आणि इंदुताई भिंतीवरून त्याच्या हातात वाटी द्यायच्या, कधी पाटवडीच्या रश्श्याची तर कधी वडाभाताची. अपघातानंतर वैभवीला दवाखान्यातून आणलं ते याच दोघांनी. त्यांच्याबद्दल ती असं बोलते आहे, हे मला कळेचना.

"दादा, ते मले इथून घालवून राहिले. नाहीतर... मारून टाकतील."

"काय बोलून राहिली तू?"

तिनं हळूहळू सांगितलं. आधी तिचे कपडे जायला लागले. सकाळी मागच्या अंगणात दोरीवर वाळत घातले, की दुपारी दोरी रिकामी. संध्याकाळी तेच कपडे घडी करून पायरीवर ठेवलेले. मग गॅसवाला आला नाही. तिनं फोन केला तर तो म्हणाला, बाजूचे काका म्हणाले की त्या घरात कोणी राहत नाही. मग दारावरची पाटी गेली, दोघांच्या नावांची. तिनं इंदुताईंना विचारलं, तर त्या खाली बघत म्हणाल्या, "मले नाई माहीत वं." 

"एखाद वेळी वारा..."

"अन् वारा बोलते काय?" ती फटकन म्हणाली. मग एकदम आवाज उतरवला. "रोज दुपारी काका भिंतीपाशी येऊन बोलतात. कोणाशी तरी. मी कान देऊन ऐकते. माहं नाव घेतात. दादा... मी मेली म्हणून सांगतात."

मी तिला जेवायला बसवलं. कोपऱ्यात इंदुताईंनी पाठवलेली वाटी झाकून ठेवली होती. त्या वाटीला वैभवीनं बोटही लावलेलं नव्हतं. मला खरं सांगायचं तर वाटलं, दुःखानं पोरीचं डोकं फिरलं. संध्याकाळी तिला घेऊनच परत जायचं, असं मी मनाशी ठरवलं.

दुपार चढली. बाहेर सगळं पांढरं दिसायला लागलं होतं. वैभवीनं उठून कूलर बंद केला. घरघर थांबली आणि त्या शांततेनं मला कसंसंच झालं. तिनं मला मागच्या खिडकीशी बसवलं, पडद्याआड. अंगणात दोरीवर तिचा निळा गाऊन वाळत होता.

थोड्या वेळानं भिंतीपलीकडून एक काठी आली, टोकाला आकडा लावलेली. त्या आकड्यानं गाऊन अलगद उचलला गेला आणि भिंतीपलीकडे ओढला गेला.

वैभवीनं माझा दंड घट्ट धरला.

मग वास आला. कारखान्यातल्या तेलाचा, लेथवर लोखंड कापताना ओततात ना, त्या पांढऱ्या तेलाचा. मी मोटारींचं काम करतो, म्हणून तो वास ओळखतो. पण त्या बंद घरात, त्या उन्हात तो कुठून येणार? मी वैभवीकडे बघितलं. तिला काहीच जाणवलेलं दिसत नव्हतं.

आणि भिंतीपलीकडून मनोहररावांचा आवाज आला. हळू, समजूत घालणारा. लहान मुलाशी बोलावं तसा.

"...नाही ना बापा. काहून येतं तू रोज रोज?"

मग थांबले. कोणीतरी उत्तर देत असावं तेवढा वेळ.

"हाओ. समजते आम्हाले... पण आता काय ठेवलं इथं? वैभवी तर गेली ना गा. घर खाली हाय. तू बी जाय आता."

 मी ताडकन उठलो, मागचं दार उघडलं आणि अंगणात गेलो. पायाखालची फरशी तव्यासारखी तापली होती. भिंतीपलीकडे मनोहरराव स्टुलावर उभे होते. त्यांच्यामागे इंदुताई. तो निळा गाऊन त्यांनी पदराखाली छातीशी धरला होता. दोघं माझ्याकडे बघत नव्हते. आमच्याच अंगणाच्या कोपऱ्याकडे, पाण्याच्या टाकीशेजारी बघत होते. तिथं कोणी नव्हतं.

"काका! काय चाललं हे?" मी ओरडलो.

मनोहररावांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग दोन्ही हात जोडले. कोणी एवढ्या भीतीनं हात जोडलेले मी कधी पाहिले नव्हते.

ऊन उतरल्यावर ते स्वतःच आले आणि आम्हाला त्यांच्या घरी घेऊन गेले. वैभवी यायला तयार नव्हती. मी तिचा हात सोडला नाही. इंदुताईंनी चहा ठेवला. तो कोणी घेतला नाही.

"संघपाल भाऊ," मनोहरराव म्हणाले, "तुम्ही आम्हाले पागल म्हणसाल. म्हणा. पण अमोल येते."

 वैभवीनं त्यांच्याकडे रोखून बघितलं.

"होळीपासून येऊन राहिला. दुपारी, लोकं झोपले की. टाकीपाशी उभा राहते, तसाच, कंपनीच्या कपड्यात. पहिल्यांदा मी हातातला तांब्या पाडला. मंग..." त्यांनी इंदुताईंकडे पाहिलं. "मंग सवय झाली. पोरगंच हाय ना आपलं."

"मले काहून नाही दिसत?" वैभवीनं विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक होता. "मी इथंच असते. चोवीस तास घरातच असते. मले काहून नाही दिसत तो?"

इंदुताईंच्या डोळ्यांना धार लागली. "त्याले बी तू नाही दिसत वं पोरी. तू अंगणात त्याच्या मांडीला मांडी लावून भांडे घासत होती एक दिवस. मी पाहिलं. तो आम्हालेच विचारून राहिला, काकू, वैभवी कुठी गेली?"



"त्यानं शेवटचं पाहिलं ते तुले गवतात पडलेलं," मनोहरराव म्हणाले. "त्याले वाटते, त्या दिवशी तूच गेली. तो वाचला. रोज येते अन् रडते. म्हणते, काका, गाडी मीच चालवत होतो."

"अन् तुम्ही त्याले खरं नाही सांगतलं?" वैभवीनं विचारलं.

"नाही सांगतलं." त्यांनी मान खाली घातली. "कपडे आम्हीच उचलत होतो. पाटी आम्हीच काढली. गॅसवाल्याचा आवाज आला, त्यानं तुहं नाव घेतलं, तर हा टाकीपासून दारापर्यंत धावत आला. म्हणून त्या गॅसवाल्याले आम्ही बाहेरूनच वापस पाठवलं. वैभवी, बाई, जोवर तू गेली असं त्याले वाटते, तोवर तो रडते अन् निघून जाते. तू हाय हे त्याले समजलं, तर तो कायले एकटा जाईन?"

 वैभवी उठून इंदुताईंच्या पायाशी जाऊन बसली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. एवढ्या महिन्यांत ती पहिल्यांदा रडताना दिसली. मला वाटलं, आता हे दुखणं बाहेर पडेल. पण तिनं डोकं वर केलं तेव्हा तिचे डोळे चमकत होते.

"मले उद्या इथं बसू द्या," ती म्हणाली. "तो काय म्हणते ते फक्त ऐकते. काही बोलणार नाही मी."

मनोहरराव नाही म्हणाले. मीही नाही म्हटलं. पण इंदुताई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "बसू द्या जी. तोंडही नाही पाहिलं तिनं त्याचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चौघं त्यांच्या मागच्या अंगणात गेलो; वैभवी आणि मी भिंतीला टेकून बसलो. वैभवीनं न्हाऊन, केस विंचरून, अमोलनं घेतलेली पिवळी साडी नेसली होती. त्याला दिसणार नाही हे माहीत असून नेसली होती. तिच्याकडे बघवत नव्हतं. शेजारच्या टिनाच्या शेडचे पत्रे तापून कडकड वाजत होते. मनोहरराव स्टुलावर उभे होते. इंदुताई त्यांच्याशेजारी उभ्या राहून भिंतीपलीकडे बघत होत्या.

तेलाचा वास आला. या वेळी तो भिंतीवरून सांडावा तसा आला.

"आला," इंदुताई पुटपुटल्या.

वैभवीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"कसा... कसा दिसते?" तिनं बोटांच्या फटीतून विचारलं.

"बरा दिसते वं. दाढी वाढली थोडी." इंदुताई वाकून तिच्या कानाशी बोलत होत्या. "आज उशीर झाला म्हणते... उमरेड रोडवर गेला होता म्हणते. रोजच जाते. तुही चप्पल शोधून राहिला तिथं."

"कोणती चप्पल?"

"गवतात एकच भेटली म्हणते. दुसरी नाही भेटत. लग्नासाठी नवीच घेतली होती, ती अनवाणी कशी गेली असन, म्हणते..."

चपलेची ही गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. मलाही नाही. वैभवीनं नंतर सांगितलं, की ती चप्पल तिला चावत होती म्हणून गाडीवर बसल्यावर तिनं एक काढून हातात धरली होती, आणि अमोल त्यावरून हसला होता. त्यानंतर काही वेळातच टँकर आला.

तिनं तोंडावरचे हात काढले. मी तिला धरायला पुढे झालो, पण ती माझ्या हातातून निसटून उभी राहिली आणि भिंतीवर दोन्ही हात टेकून आपल्या रिकाम्या अंगणाकडे बघत ओरडली.

"अमोल! अरे मी गेली नाही! मी इथंच हाओ! अमोल, मी इथंच हाओ ना रे!"

पत्र्यांची कडकड थांबली. कुठल्यातरी घरातली, सगळ्याच घरांतली कूलरची घरघरही थांबली. लाइट गेली असेल. मला माहीत नाही. असली शांतता मी कधी ऐकली नाही.

"काका, काय म्हणते तो?" वैभवी रडत विचारत होती. "ऐकलं काय त्यानं? कुठी हाय? इथं? इथं काय?" आणि ती हवेत हात पुढे करून चाचपडत होती, आंधळ्यासारखी.

मनोहरराव स्टुलावरून उतरून खाली बसले. इंदुताईंनी पदर तोंडात धरला होता.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "तुह्याकडे पाहिलं त्यानं. सरळ तुह्याकडे."

"मंग?"

"हासला. अन् गेला."

त्यानंतर अमोल आला नाही. वैभवी रोज दुपारी त्या टाकीपाशी उन्हात बसायची. इंदुताई तिच्या डोक्यावर ओला पंचा टाकायच्या आणि स्वतःही बाजूला बसायच्या. "दिसला काय काकू?" ती विचारायची. "नाही वं." एवढंच बोलणं. आधी निदान तो कोणाला तरी दिसत होता. आता तेही संपलं. ज्यांना ती चोर समजत होती, त्यांच्याच गळ्यात पडून ती रडायची, की मी हाक मारून त्याला घालवला. मनोहररावांनी पाटी पुन्हा लावून दिली. 

मी तिला रामटेकला घेऊन आलो. या वेळी ती नाही म्हणाली नाही. नवतपा गेला, धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकून झाले, रोवणी सुरू झाली. वैभवी माझ्या बायकोबरोबर धानाच्या बांधीत जायला लागली. चिखलात पाय घालून बायकांबरोबर गाणी म्हणायची. जेवायची. एकदा माझ्या पोरींबरोबर मोठ्यानं हसली तेव्हा आम्ही नवराबायको एकमेकांकडे बघत राहिलो. आपली पोर परत मिळाली, असं आम्हाला वाटलं. ती झोपेत कोणाशी तरी बोलते, असं पोरी सांगायच्या. पण कोण बोलत नाही झोपेत?

मग एका दुपारी मनोहररावांचा फोन आला. घरी मी आणि वैभवी दोघंच होतो. ती अंगणात सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती.

"संघपाल भाऊ," ते म्हणाले, "वैभवीले परत पाठवलं अन् आम्हाले कळवलं बी नाही?"

"नाही काका. ती इथंच हाय."

 मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"तुम्ही पाहून सांगून राहिले ना गा?"

"हाओ. समोरच बसली हाय. काहून?"

"मंग..." त्यांचा आवाज पार खाली गेला. "मंग इथं कोण हाय? दोघंही त्याईच्या घराच्या पायरीवर बसून आहेत. तो अन् ती. सकाळपासून. इंदूनं दोनदा आवाज देल्ला. अमोलनं वळून पाहिलं. तिनं नाही पाहिलं. तिले... तिले आम्ही दिसून नाही राहिलो, भाऊ."

मागून इंदुताईंचं रडणं ऐकू आलं. मग फोन कटला.

मी अंगणात गेलो. ऊन नव्हतं, आभाळ भरून आलं होतं. वैभवी खाली मान घालून खडे वेचत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो, इतका जवळ की वाकलो असतो तर तिच्या केसांना हात लागला असता.

"वैभवी," मी हाक मारली.

तिचे हात थांबले. तिनं मान वर केली. दाराकडे बघितलं. विहिरीकडे बघितलं. मग माझ्या तोंडावरून तिची नजर पाण्यावरून सरकावी तशी पुढे गेली, आणि ती सूप बाजूला ठेवून उभी राहिली.

"दादा?" ती म्हणाली. "कुठून आवाज देऊन राहिला तू?"